शिकागोच्या ब्लूज आणि गॉस्पेल महोत्सवाला जाण्याआधी

जूनमध्ये शिकागोच्या मिलेनियम पार्कात ब्लूज महोत्सव भरतो आणि त्याच उन्हाळ्यात, थोडा आगेमागे, गॉस्पेलचाही. दोन्ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी: ब्लूज सुखदुःखाची, गॉस्पेल चर्चमधल्या भक्तीची. दोन्हीला तिकीट नाही. त्यामुळे आयत्या वेळी उठून जाता येतं आणि शिकागोच्या आसपास राहणारे आपल्यातले बरेच जण तसेच जातात: तासभर बसायचं, फोटो काढायचे, गाडी पकडायची. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तयारी करून जा, आणि सुरुवात कानांपासून करा. पिशवी आदल्या रात्री भरली तरी चालते.

आठवडाभर आधी ऐकायला लागा. पहिलं नाव थॉमस डॉर्सी यांचं, कारण ब्लूज आणि गॉस्पेल ही एकाच घरातली भावंडं कशी, हे त्यांच्या आयुष्यातच दिसतं. जन्म 1899 चा, जॉर्जियातला. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ते ब्लूजचा पियानो वाजवायचे, ब्लूज गायिका मा रेनीच्या साथीला असायचे. 1932 मध्ये त्यांची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यांनी ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गॉस्पेल गीत लिहिलं. पुढे शिकागोच्या साउथ साइडवरच्या, म्हणजे दक्षिण भागातल्या, पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी अनेक दशकं गायकवृंद घडवला. सुरुवातीला चर्चमधल्या कित्येकांना त्यांच्या चाली रुचल्या नाहीत, कारण त्यांत दारूच्या गुत्त्यातला ब्लूज ऐकू यायचा. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ हेच गाणं गायलं. ते शांतपणे, दोनदा ऐका. स्वर जिथे सरळ न लागता किंचित खाली ओढला जातो, ती जागा ब्लूजचीच आहे.

मग ब्लूजचे गायक आणि गिटारवादक मडी वॉटर्स. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांमधून ते 1943 मध्ये शिकागोला आले. इथल्या गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून विजेवरची घेतली, आणि शिकागो ब्लूजचा तो कडक, करकरीत आवाज घडत गेला. 1983 मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी शहराने हा ब्लूज महोत्सव सुरू केला. हाउलिन वुल्फ आणि कोको टेलर या शिकागोच्याच ब्लूज गायकांसाठी एकेक संध्याकाळ ठेवा. ब्लूज गिटारवादक बडी गाय यांना तर 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्रा ब्लूज महोत्सवात, मुंबईकरांनी समोर बसून ऐकलंय. गॉस्पेलमध्ये महालियांनंतर स्टेपल सिंगर्स हा एका कुटुंबाचा गायकसमूह घ्या. वडील पॉप्स स्टेपल्स लहानपणी मिसिसिपीत ब्लूजची गिटार शिकले आणि तीच गिटार त्यांच्या कुटुंबाच्या भक्तिगीतांना साथ करते.

ऐकताना मात्रा मोजा. ब्लूजचा नेहमीचा साचा चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांचा (इंग्रजीत ‘बार’). पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, तिसरीत तिचं उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळ संपल्यावर जी जागा उरते ती गिटार किंवा माउथऑर्गन भरतो. हे एकदा कळलं की ‘सगळी गाणी सारखीच वाटतात’ ही तक्रार उरत नाही, कारण साचा माहीत असल्यावर गायक त्यात काय वेगळं करतोय ते दिसू लागतं.

आता हातांची तयारी, आणि ही खरोखर घरी करून जायची गोष्ट आहे. आपल्या टाळीला समेची सवय असते, पहिल्या मात्रेवर ती आपसूक पडते. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. एक-दोन-तीन-चार मोजत पहिल्या आणि तिसऱ्याला पाय आपटा, दुसऱ्या आणि चौथ्याला टाळी द्या. हजारो लोक एका ठेक्यात असताना आपली टाळी मधेच पडली, तर शेजारचा हसून बघतो, रागावत नाही. पण ठेका बरोबर धरल्यावर जो आनंद मिळतो, तो नुसतं बसून ऐकण्यात नाही. गॉस्पेलमध्ये तर श्रोत्यांशिवाय गाणं पुरं होत नाही. कीर्तनकाराने चरण सोडावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा, तसं मुख्य गायिका ओळ टाकते, गायकवृंद उचलतो, आणि तिसऱ्या खेपेला हिरवळीवर बसलेले सगळे श्रोते उचलतात. शेवटी एकच ओळ पुन्हा पुन्हा, सूर चढवत गातात, मागे हॅमंड ऑर्गन (चर्चमधला विजेवरचा ऑर्गन) घुमतो. तेव्हा उभं राहायची लाज बाळगू नका. ब्लूजमध्येही दाद द्यायला गाणं संपायची वाट बघू नये, चांगली जागा आली की तिथल्या तिथे ओरडावं.

एक मात्र मनाशी ठरवून जा. गॉस्पेल ऐकायला आलेल्या अनेकांसाठी ती प्रार्थना असते. कुणी हात वर करून, डोळे मिटून उभं असेल, रडत असेल, तर त्यांच्याकडे मोबाइल रोखू नका.

पिशवीत जाड सतरंजी, प्रत्येकाला पाण्याची बाटली, टोपी, सनस्क्रीन आणि एक पातळ जाकीट. जाकीट जूनमध्येही लागतं, मिशिगन तलावावरून वारा सुटला की संध्याकाळी गारठा वाढतो. पावसासाठी छत्रीपेक्षा रेनकोट बरा, छत्रीमुळे मागच्यांना दिसत नाही. खाण्याला दशम्या, धपाटे, तिखटामिठाच्या पुऱ्या, म्हणजे उन्हात न बिघडणारं. प्रवेशाशी पिशव्या तपासतात, म्हणून काय नेऊ देतात ते त्या वर्षीच्या नियमांत बघून घ्या. कानात घालायचे फोमचे बोळे न विसरता घ्या, लहान मुलांसाठी कान झाकणारे हेडफोन. 100 डेसिबलचा आवाज दिवसाकाठी पंधरा मिनिटांपलीकडे कानांना सोसत नाही, असं सुरक्षेचे निकष सांगतात.

पुढच्या जागेसाठी जीव काढू नका. मोठा मंच पार्कातल्या प्रित्झकर पॅव्हेलियनमध्ये असतो. वास्तुकार फ्रँक गेरी यांनी आखलेल्या या खुल्या रंगमंचासमोर चार हजार खुर्च्या आहेत आणि मागच्या हिरवळीवर सात हजार माणसं मावतात. हिरवळीवर पोलादी नळ्यांची जाळी आहे, तिला स्पीकर टांगलेत, त्यामुळे मागेही स्वच्छ ऐकू येतं. दुपारी मात्र लहान मंचांकडे जा, तिथे कलाकाराची बोटं दिसतात. मुलं कंटाळली तर पार्कातल्याच क्राउन फाउंटन या कारंज्याच्या पाण्यात खेळतील, कपड्यांचा एक जोड जास्त ठेवा. आणि मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’ हे चकचकीत पोलादी शिल्प तिथून दोन पावलांवर आहे.

दुसऱ्या दिवशी सवड असेल तर 2120 साउथ मिशिगन अॅव्हेन्यूला जा. मडी वॉटर्स आणि हाउलिन वुल्फ यांनी जिथे रेकॉर्डिंग केलं तो चेस रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचा जुना स्टुडिओ तिथे आहे. आता ती वास्तू ब्लूज गीतकार विली डिक्सन यांच्या नावाची संस्था सांभाळते. डॉर्सींच्या पिलग्रिम बॅप्टिस्टची जुनी इमारत मात्र 2006 मध्ये आगीत जळाली.

सुटे डॉलर जवळ ठेवा. कलाकार स्वतःच्या सीडी विकत असतील तर घ्या, ऐकणं फुकट झालंय तर एवढं देणं लागतोच आपण. रात्री ब्लूजच्या क्लबात जायचं असेल तर जन्मतारीख असलेलं ओळखपत्र लागेल, एकवीसच्या खालच्यांना बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या उपनगरांतून येणाऱ्यांनी मोटार घरी ठेवून मेट्राने, म्हणजे उपनगरी रेल्वेने, यावं. युनियन स्टेशनपासून पार्क वीसेक मिनिटं चालत आहे. परतीच्या रात्रीच्या गाड्या विरळ असतात, तेव्हा कोणती पकडायची ते निघतानाच ठरवा, आणि शक्य असेल तर शेवटच्या आधीची नको, शेवटचीच धरा, कारण मुख्य कलाकार सगळ्यात शेवटी गातात.