एकट्यानं मूल वाढवताय? या चुका टाळा

एकट्या पालकांची निम्मी फजिती सगळं डोक्यात ठेवण्यामुळे होते. आठवण करून द्यायला घरात दुसरं कुणी नसतं, तरी वही नको असते!

सगळ्यात महागात पडतं ते तापाचं औषध. एका घरातला प्रकार. पोर १२ किलोचं. आई साडेसहाला पॅरासिटामॉल पाजून शिफ्टला गेली. साडेसातला आजीला अंग गरम लागलं, तिनंही पाजलं. त्यात दुकानातून या वेळी ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमऐवजी २५० मिलिग्रॅमची बाटली आलेली, माप मात्र जुनंच, साडेसात मिली. म्हणजे १८०ऐवजी ३७५ मिलिग्रॅम, तेही तासाभरात दोनदा. रात्र दवाखान्यात गेली.

डोस वजनावर ठरतो : किलोला १५ मिलिग्रॅम, मध्ये चार ते सहा तास, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. प्रत्येक नव्या बाटलीवर '५ मिलीमध्ये किती' ते वाचा. घरातला चमचा नको, सिरिंज वापरा. फ्रिजवर कागद लावा, पेन दोरीनं बांधा. वेळ, मिली, कुणी दिलं ते लिहा. ॲपचं कौतुक मला सांगू नका, आजीला ते दिसत नाही. डोस दुप्पट गेलाच तर उलटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

दुसरी चूक, मुलाच्या पासपोर्टसाठी दुसऱ्या पालकाच्या सहीच्या मागे महिनोन्‌महिने फिरणं. समोरच्याला कळतं की गरज तुमची आहे, मग सहीचा सौदा सुरू होतो. डिसेंबर २०१६पासून अर्जात एकाच पालकाचं नाव चालतं. दुसऱ्याची संमती नसेल तर 'ॲनेक्श्चर सी' हे घोषणापत्र साध्या कागदावर स्वतः लिहून द्यायचं, नोटरी लागत नाही. कोर्टात ताब्याचा दावा असेल तर तो लपवू नका. घाईत हीच ओळ कोरी सोडतात आणि अर्ज अडकतो.

विम्यात अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाला नॉमिनी केलंत तर अपॉइंटीचं, म्हणजे त्याच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं, नावही भरा.

'बाबांना सांग फी भरायला' असे निरोप पोराच्या हाती देऊ नका. मेसेज करा.

स्वयंपाकघरातून मुलांना हाकलणं हीही चूकच. सात वर्षांचं पोर वाटीभर तांदूळ निवडून, धुऊन, दोन वाट्या पाणी मोजून ठेवतं. सांडतं, वेळ लागतो, आणि दोघांच्या गप्पा तिथेच रंगतात. गॅस मात्र तुम्हीच पेटवा.