रन-ऑफ-रिव्हर जलविद्युत आणि कार्बन क्रेडिट: या चुका टाळा

छोट्या जलविद्युत प्रकल्पांच्या कार्बन क्रेडिटच्या (टाळलेल्या कार्बन उत्सर्जनापोटी मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) फाइली तपासायचं काम करते, आणि दर नव्या फाइलीत त्याच त्या चुका सापडतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. रन-ऑफ-रिव्हर म्हणजे मोठं धरण नाही, बुडीत क्षेत्र नाही, बंधाऱ्यावरून पाणी वळवायचं, पेनस्टॉकमधून (उतारावरच्या मोठ्या पाइपमधून) टर्बाइनवर सोडायचं आणि खाली परत नदीत, ऐकायला इतकं सोपं वाटतं की नवीन लोक थेट "क्रेडिट किती मिळतील" इथूनच सुरुवात करतात. नदीकडे शेवटी बघतात.

नदी भरलेली असताना मोजणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. साधा हिशोब बघा: सेकंदाला २ घनमीटर पाणी, ५० मीटर हेड (पाणी पडायची उंची), ८० टक्के कार्यक्षमता, म्हणजे साधारण ७८५ किलोवॉट. कोरड्या मोसमात तीच नदी ०.४ वर आली, त्यातलं ०.३ नदीतच सोडायचं ठरलंय, तर टर्बाइनला उरलं ०.१, म्हणजे जेमतेम ४० किलोवॉट, आणि तेही मशीन इतक्या कमी पाण्यावर चाललं तर. फ्रान्सिस टर्बाइन अशा वेळी बंदच ठेवावं लागतं, पेल्टन किंवा क्रॉसफ्लो कमी पाण्यावर बरंच तग धरतात. म्हणून एका मोठ्या मशीनऐवजी दोन छोटी घ्या असं मी दरवेळी सांगते आणि दरवेळी "खर्च वाढतो" हे उत्तर मिळतं.

डोंगरातल्या एका प्रकल्पाची फाइल आली होती. प्रवाह मोजलेला पाऊस संपल्या संपल्या, एकाच आठवड्यात, आणि वर्षभराचे आकडे खालच्या मोठ्या नदीवरच्या मोजणी केंद्रावरून पाणलोटाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढलेले. आता खालच्या नदीला बाकीच्या उपनद्यांचं आणि झऱ्यांचं पाणी वर्षभर येतं, वरचा ओढा आटला तरी ती वाहते, त्यामुळे हे प्रमाण कोरड्या महिन्यांत साफ फसतं. फाइलीत पुढे लिहिलेलं की बंधारा ते पॉवरहाऊस या पट्ट्यातलं पाणी कोणीही वापरत नाही. मी कोरड्या मोसमात जागेवर गेले, बंधाऱ्यापासून नदीकाठाने चालत खाली आले, तर त्या पट्ट्यात गावाचे शेतीचे पाट निघालेले, जुने, दगडी बांधणीचे, पाणी चालू असलेले. मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं, पण मशीनची ऑर्डर आधीच गेली होती. पहिल्याच उन्हाळ्यात पाट कोरडे पडले, गावानं पाणी मागितलं, तो त्यांचा हक्कच होता, बंधाऱ्याचं दार उघडून पाणी नदीत सोडावं लागलं आणि मशीन कित्येक आठवडे बंद राहिलं. क्रेडिट अंदाजाच्या आसपासही गेले नाहीत. वाईट याचं वाटतं की त्याच फाइलीत शाश्वत विकासाच्या नावाखाली गावाला होणाऱ्या फायद्यांची भलीमोठी यादी होती.

माझी सवय अशी की उत्पादनाचा आकडा वाचायच्या आधी फ्लो ड्युरेशन कर्व्ह (वर्षातले किती दिवस किती पाणी असतं त्याचा आलेख) मागते, वर्षातले ९० टक्के दिवस निदान किती पाणी असतं ते बघते, आणि सगळ्यात कमी पाण्याच्या महिन्यात तो पट्टा पायी चालते. बर्फावर चालणाऱ्या नदीला हा महिना हिवाळ्यात येतो, हे विसरू नका. पर्यावरणासाठी सोडायचं पाणी आधी वजा करा, मग टर्बाइन निवडा. नदीत किती पाणी ठेवायचं हे ठरवायच्या टेनंटच्या १९७६ च्या पद्धतीत सरासरी वार्षिक प्रवाहाच्या १० टक्के ही मासे वगैरे जेमतेम तगायची पातळी आहे, लोक तेच उद्दिष्ट समजून तिथेच थांबतात. आणि मधला पट्टा कोरडा ठेवून बंधाऱ्यावर माशांसाठी शिडी बांधण्यात काही अर्थ नाही, शिडीपर्यंत मासा येणार कसा?

ॲडिशनॅलिटी नंतर चिकटवणं. क्रेडिटचे पैसे नसते तर प्रकल्प उभाच राहिला नसता, हे सिद्ध करावं लागतं. बांधकाम निम्मं झाल्यावर कोणीतरी क्रेडिटचं सुचवतं आणि मग जुन्या बैठकांच्या नोंदी शोधायची धावपळ सुरू होते. सीडीएममध्ये (संयुक्त राष्ट्रांची कार्बन क्रेडिट योजना) तर क्रेडिट घ्यायचा विचार आहे हे प्रकल्प सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत कळवायचा नियम होता, आणि सुरुवात म्हणजे उद्घाटन नव्हे, टर्बाइनच्या ऑर्डरसारखा पहिला मोठा खर्च पक्का केला ती तारीख. याहून गंभीर म्हणजे दोन पीएलएफ (मशीन पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज बनवणार तो आकडा). बँकेला दिलेल्या कागदात ६० टक्के, कारण कर्ज हवंय, आणि क्रेडिटच्या शीटमध्ये ४२, कारण परतावा कमी दिसायला हवा. याला मी चूक म्हणत नाही, ही फसवणूक आहे, आणि खरंच गरज असलेल्या प्रामाणिक प्रकल्पांची विश्वासार्हता अशा लोकांमुळे जाते. मी पहिल्याच दिवशी बँकेची फाइल मागते, दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुढचं पान उलटत नाही.

बाजार न बघता उडी मारणं. व्हेरानं (क्रेडिटची नोंदणी करणारी संस्था) आपल्या नियमांच्या चौथ्या आवृत्तीपासून सर्वात कमी विकसित देश सोडून बाकी ठिकाणी ग्रिडला जोडलेले नवे अक्षय ऊर्जा प्रकल्प घेणं बंद केलंय, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आयसीव्हीसीएमनं (क्रेडिटचा दर्जा ठरवणारी स्वतंत्र संस्था) अक्षय ऊर्जेच्या तेव्हाच्या पद्धतींना आपला शिक्का नाकारला, मुख्य कारण हीच ॲडिशनॅलिटी. जुनी एखादी फाइल कॉपी करणाऱ्यांना हे माहितीच नसतं.

बाकीच्या पटापट सांगते. दिवसभर पाणी साठवून संध्याकाळी एकदम सोडणार असाल तर निव्वळ रन-ऑफ-रिव्हर म्हणू नका, खाली नदीत उतरलेल्या माणसांच्या जिवाशी खेळ होतो. जलाशय असेल तर पॉवर डेन्सिटी (प्रकल्पाची क्षमता भागिले जलाशयाचं क्षेत्रफळ) काढा, सीडीएमच्या पद्धतीत चौरस मीटरला ४ वॉट किंवा त्याहून कमी आली तर प्रकल्प बसतच नाही आणि ४ ते १० मध्ये जलाशयाचं उत्सर्जन वजा होतं. गाळाची टाकी छोटी करून पैसे वाचवू नका, क्वार्ट्झचे कण पेल्टनच्या बकेट खाऊन टाकतात. विजेच्या एकाच युनिटवर ग्रीन सर्टिफिकेट (वीज अक्षय असल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र) आणि कार्बन क्रेडिट दोन्ही घेऊ नका. क्रेडिट ग्रिडला दिलेल्या निव्वळ विजेवर मिळतात, ग्रिडकडून घेतलेली वीज वजा करायची असते, जनरेटरच्या टोकाचा आकडा चालत नाही. आणि मीटरच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासायची) तारीख चुकली तर तेवढ्या काळासाठी मीटरची कमाल चूक तुमच्याच विरुद्ध धरतात, म्हणून ती तारीख लॉगबुकच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.