हेअरग्रासची हिरवळ तळभर कशी पसरली

मत्स्यटाकीच्या तळाशी हिरवळ हवी म्हणून मी बुटके हेअरग्रास, म्हणजेच एलिओकॅरिस पार्व्ह्युला, आणले. परंतु पसरण्याऐवजी ते पिवळे पडू लागले आणि पात्यांवर तंतुमय शेवाळ धरू लागले. रोपवाटिकांमध्ये ही वनस्पती बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, त्यामुळे पाण्याखाली आल्यावर जुनी पाती झडणे स्वाभाविकच असते. खरी चिंता नवी पाती फुटत नसल्याची होती.

मी सर्व रोपे काढली, मुळांत अडकलेले रॉकवूल (रोपवाटिकेत रोपे ज्यात रुजवतात ते लोकरीसारखे तंतुमय माध्यम) हलक्या हाताने धुऊन टाकले, पाती सुमारे 3 सेंटिमीटर ठेवून कापली आणि दाट गड्ड्याचे पाच-सहा पात्यांचे छोटे ठोंब केले, कारण गड्डा तसाच लावल्यास आतल्या पात्यांना प्रकाश मिळत नाही आणि ती कुजतात. जाड खडीत मुळे पकड घेत नाहीत, म्हणून तिच्याऐवजी मत्स्यटाकीसाठीची पोषक दाणेदार माती, म्हणजेच अ‍ॅक्वासॉइल घातले. लांब चिमट्याने प्रत्येक ठोंब तिरका आणि खोल खोचला, दोन ठोंबांत 2 ते 3 सेंटिमीटर अंतर ठेवले. सरळ खोचलेले ठोंब चिमटा काढताना त्याच्यासोबत वर येतात, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

प्रकाश रोज 7 तासांवर आणला आणि दिवे लागण्यापूर्वीच पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू सोडणे सुरू होईल अशी व्यवस्था केली. शेवाळ आटोक्यात आले, जमिनीखालून धावती खोडे निघाली आणि ठोंबांमधल्या मोकळ्या जागेत नवी, गडद हिरवी पाती उगवली. आता वाढ दाट झाली की मी वरून छाटणी करतो आणि तरंगणारे तुकडे लगेच जाळीने काढतो.