जुन्या सिंगल माल्टची तुलना कशी करावी

तीन जुन्या सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेल्या व्हिस्की, एका टेबलावर मांडून त्यांची चव घेणे सोपे असते. त्यांच्यात जाणवणारा फरक नेमका कशामुळे आहे, हे ओळखणे मात्र अवघड जाते. लागावूलिनची १६ वर्षांची आणि ग्लेनलिव्हेटची १८ वर्षांची व्हिस्की शेजारी ठेवली, तर नाकाला आधी भिडतो तो लागावूलिनमधला पीटचा धूर (पीट म्हणजे बार्ली सुकवताना जाळले जाणारे दलदलीतील मातकट इंधन), आणि दोन वर्षांच्या जादा मुरण्याचा त्यात पत्ताही लागत नाही. म्हणून वयाचा परिणाम पाहायचा असेल, तर वय सोडून बाकी सगळे शक्य तितके सारखे असलेल्या बाटल्या निवडाव्यात.

याला ग्लेनफार्क्लस हे चांगले उदाहरण आहे. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील ही डिस्टिलरी १८३६ पासून परवानाधारक असून १८६५ पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे, आणि तिची व्हिस्की प्रामुख्याने ओलोरोसो शेरीच्या (गडद रंगाच्या एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपांत मुरते. तिच्या १०, १५ आणि २१ वर्षांच्या बाटल्या घ्याव्यात. बाटलीवरचे वय हे आतील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते आणि ते फक्त पिंपातल्या काळाचे असते. कपाटात वीस वर्षे पडून राहिलेली दहा वर्षांची बाटली दहा वर्षांचीच राहते.

प्रत्येक ग्लासात २० मिलिलिटर पुरेसे आहे. तळाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद असा ग्लास घ्यावा. तो नसल्यास लहान वाइन ग्लास चालतो, पण रुंद तोंडाच्या नेहमीच्या ग्लासात गंध टिकत नाही. वेळ जेवणाआधीची असावी, खोलीत उदबत्ती किंवा अत्तर नसावे, आणि बर्फ तर नकोच, कारण थंडपणाने गंध दबतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. या तीन बाटल्यांतील मद्यार्काचे प्रमाण नेहमीच्या आवृत्तीत अनुक्रमे ४०, ४६ आणि ४३ टक्के असते, त्यामुळे पंधरा वर्षांची व्हिस्की जिभेला अधिक भारदस्त वाटली, तर ते श्रेय वयाचे की मद्यार्काचे, हे सांगता येत नाही. आधी तिन्हींचा मूळ स्वरूपातच नुसता वास घ्यावा आणि नंतर तिन्ही ४० टक्क्यांवर आणाव्यात: पंधरा वर्षांच्या २० मिलिलिटरमध्ये ३ मिलिलिटर आणि एकवीस वर्षांच्या २० मिलिलिटरमध्ये दीड मिलिलिटर पाणी घालावे. औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची सिरिंज यासाठी उत्तम. बाटलीवरचा आकडा वेगळा असल्यास २० ला त्या आकड्याने गुणून ४० ने भागावे आणि उत्तरातून २० वजा करावेत. पाण्याने केवळ जोर कमी होतो असे नाही: २०१७ मध्ये स्वीडनमधील दोन शास्त्रज्ञांनी संगणकीय प्रारूपातून दाखवले, की पातळ केल्यावर धुरकट गंधाचे ग्वायकॉल हे संयुग द्रवाच्या पृष्ठभागाकडे अधिक सरकते.

आता घरातील दुसऱ्या कोणाला तरी ग्लासांच्या तळाशी खुणा करून त्यांचा क्रम बदलायला सांगावे. रंगावरून अंदाज बांधण्याचा मोह टाळावा, कारण स्कॉचमध्ये रंगासाठी साधे कॅरमेल घालण्यास कायद्याने मुभा आहे, आणि गडद रंग म्हणजे जास्त वय असे समीकरण मांडता येत नाही.

नाक ग्लासात खुपसू नये. ग्लास हनुवटीपाशी धरून ओठ किंचित उघडे ठेवावेत आणि सावकाश श्वास घ्यावा. तिसऱ्या ग्लासापर्यंत पोहोचल्यावर उलट क्रमाने पुन्हा पहिल्यापर्यंत यावे, कारण पहिल्या ग्लासाला नाक सरावलेले नसल्याने त्याच्यावर नेहमी अन्याय होतो. चाखताना अर्ध्या चमच्याएवढा घोट जिभेवर काही क्षण फिरवून मगच गिळावा, आणि चव किती वेळ रेंगाळते ते घड्याळाकडे पाहून लिहावे. शब्द आपल्या ओळखीचे वापरावेत: मनुका, खजूर, काकवी, अक्रोडाची साल, जुने लाकडी कपाट. परदेशी पुस्तकातले, कधी न चाखलेल्या फळाचे नाव वहीत लिहून काही उपयोग होत नाही.

सामान्यतः वय वाढते तसा कोऱ्या मद्याचा आणि धान्याचा तिखट वास मागे पडतो, सुकामेव्याचा आणि लाकडाचा वाढतो. मात्र लाकूड फार झाले तर शेवटी तुरटपणा उरतो. पंधरा वर्षांची अनेकांना एकवीसपेक्षा जास्त आवडली, तर त्यात आश्चर्य नाही, आणि ती स्वस्तही पडते. हा वयाचा हिशेब मात्र स्कॉटलंडच्या हवेपुरताच धरावा. तिथे पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के व्हिस्की उडून जाते, तर गोव्याच्या उकाड्यात ती याहून कितीतरी वेगाने आटते आणि लाकडाचा अंशही लवकर उतरतो. त्यामुळे पॉल जॉनसारखी गोव्याची सिंगल माल्ट वर्षांचे आकडे जुळवून स्कॉचशेजारी मांडणे व्यर्थ आहे.

टिपणे पूर्ण झाल्यावरच तळाच्या खुणा पाहाव्यात. मग ग्लास न विसळता तसेच ठेवून द्यावेत आणि सकाळी पुन्हा हुंगावेत: मद्यार्क उडून गेलेला असतो आणि तळाशी सुकलेल्या थरात पिंपाने दिलेला वास उरतो. कोणत्या ग्लासात लाकूड किती होते, ते तेव्हा रात्रीपेक्षा स्वच्छ कळते.