वाचनालयात विवियन ली: एका संध्याकाळची आखणी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचनालयात सिनेनटी विवियन लीवर कार्यक्रम करायचा तर सुरुवात दार्जिलिंगपासून करा. 5 नोव्हेंबर 1913 ला ती तिथं जन्मली, सहा वर्षांची असताना तिला इंग्लंडच्या कॉन्व्हेंट शाळेत ठेवलं.

मग 1939 चा तिचा सिनेमा ‘गॉन विथ द विंड’. अख्खा लावू नका, जवळजवळ चार तास चालतो. वीस मिनिटं निवडा. प्रोजेक्टर आधी 4:3 वर घ्या, म्हणजे चित्राची रुंदी चार भाग तर उंची तीन. चित्र पडदाभर ताणलं की तिचा निमुळता चेहरा फुगीर दिसतो, आणि एका उचललेल्या भुवईतला सगळा अभिनय वाया जातो. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर समजा, जमलं.

त्यानंतर 1951 चा ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’, दहा मिनिटं. दोन्हींसाठी तिला ऑस्कर. तिनं रंगवलेल्या दोन्ही बायका अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आणि नटी ब्रिटिश! घरात मराठी, बाजारात कानडी बोलणाऱ्या आपल्या माणसांना उच्चार बदलण्यातली मेहनत फोड करून सांगावी लागत नाही. संवादांचा मराठी अर्थ मात्र तुकडा लावण्याआधी वाचून दाखवा. मध्येच बोललात तर आवाजातला चढउतार हुकतो.

मनाचा आजार आणि 1967 साली क्षयानं आलेला मृत्यू थोडक्यात सांगा. तिथं रंगवून बोलू नका.