रेडिओॲक्टिव्ह आयन बीम कसा काढायचा: झिंक-80 घेऊन बघू

रेडिओॲक्टिव्ह आयन बीम म्हणजे फार काळ न टिकणाऱ्या, चार्ज असलेल्या अणूंचा झोत. त्यासाठी लागणारा आयसोटोप (एलिमेंटचा ठरावीक वजनाचा प्रकार) तयार करणं त्यातल्या त्यात सोपं, खरा घाम निघतो तो टार्गेटमधून, म्हणजे ज्या पदार्थात तो बनतो त्यातून, वेळेत आणि स्वच्छ बाहेर काढताना, म्हणून विचाराची सुरुवात प्रोटॉनपासून नको, आपल्याला हव्या त्या एलिमेंटच्या केमिस्ट्रीपासून करा. जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन केंद्रात आयसोल्डे नावाची असे बीम बनवणारी सोय आहे, 1967 पासून हेच काम चालतं तिथे. तिथलं झिंक-80 घेऊ, हाफ लाइफ (निम्मे अणू विघटन होऊन संपायला लागणारा वेळ) जेमतेम अर्धा सेकंद.

टार्गेट युरेनियम कार्बाइडचं. टँटलम या धातूच्या साधारण 20 सेंमी लांब नळीत ते भरतात आणि करंट सोडून 2000 अंशांच्या आसपास तापवतात, कारण अणूला आतून डिफ्यूज होत होत (हळूहळू झिरपत) बाहेर यायचं असतं आणि टार्गेट थंड असेल तर तो वाटेतच संपतो. झिंक पटकन वाफ होणारं म्हणून जमतं. हाफ्नियमसारखी सहज वाफ न होणारी मंडळी अशी निघतच नाहीत, तिथे फ्लोरिनवाला गॅस सोडून फ्लोराइड करून काढावं लागतं.

आता युरेनियम फोडायला प्रोटॉन, 1.4 जीईव्ही (एनर्जीचं एकक) एनर्जीचे. हे सरळ युरेनियमवर मारू नका! तसं केलं की रुबिडियम-80 भरमसाट बनतं, त्याचंही वजन 80च, त्यामुळे पुढे मॅग्नेटवाल्या मास सेपरेटरला (वजनावरून अणू वेगळे करणारं यंत्र) दोघं वेगळे करणं जड जातं. त्यापेक्षा शेजारच्या टंगस्टनच्या रॉडवर मारा, त्यातून उडालेले न्यूट्रॉन युरेनियम फोडतात, झिंक थोडं कमी मिळतं पण रुबिडियम खूपच घटतं. उरलेल्यासाठी वाटेत क्वार्ट्झची नळी लावतात, रुबिडियम तिला चिकटून बसतं आणि झिंक पुढे सटकतं. मला या सगळ्या प्रकारात ही क्वार्ट्झची युक्ती सगळ्यात जास्त आवडते.

मग आयन करायचे, म्हणजे अणूतला एक इलेक्ट्रॉन काढायचा. झिंकचा इलेक्ट्रॉन नुसत्या गरम धातूला लागून सुटत नाही, म्हणून लेझर, झिंकच्याच एनर्जी लेव्हल्सना जुळवलेले, तीन टप्प्यांत. त्यानंतर 30 ते 60 किलोव्होल्टवर बाहेर ओढायचे आणि सेपरेटरमधून 80 निवडायचं.

मोजताना दोन गोष्टी सोडू नका. प्रोटॉनचा पल्स आल्यावर बीम गेट (बीम सोडणारं-अडवणारं दार) थोडाच वेळ उघडा, झिंक लगेच येऊन जातं, रुबिडियम-80 मात्र अर्ध्या मिनिटाच्या हाफ लाइफचं असल्यामुळे मागून येतच राहतं. आणि मधेमधे लेझर बंद करून रन घ्या, तेव्हा जे काउंट्स (डिटेक्टरवरच्या नोंदी) दिसतात ते झिंकचे नाहीत, तेवढे वजा करा.