स्क्रिप्ट बंद पडली? आधी एरर पूर्ण वाचा, मगच कशालाही हात लावा

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून फोन आला, सकाळी लाइट गेली, तासाभराने आली आणि तेव्हापासून पायथनच्या स्क्रिप्टमधून (छोट्या प्रोग्राममधून) मशीनचा काउंट एक्सेलमध्ये येणं बंद. फोनवरचा पोरगा चांगलाच वैतागलेला. "दादा, पायथन काढून परत टाकलं, लायब्ररी परत टाकली, अँटिव्हायरस बंद करून बघितला, दोन दिवस झाले तेच चाललंय." मी विचारलं एरर काय येतोय. "कनेक्शनचा काहीतरी." अरे पण कोणता, रिफ्यूज्ड का टाइमआउट? "ते नाही बघितलं, पण पिंग होतंय, म्हणजे नेटवर्क ओके आहे ना." (पिंग म्हणजे त्या पत्त्यावर कोणी आहे का अशी नुसती हाक.)

शेवटच्या ओळीचा फोटो पाठव म्हटलं. त्यात आकडा होता १००६१. विंडोजवर १००६१ म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड, लिनक्सवर हाच १११ नंबरने येतो. आता रिफ्यूज्डचा अर्थ नीट समजून घ्या, त्या पत्त्यावर कोणीतरी जागं आहे आणि त्यानेच उलट उत्तर दिलंय की या पोर्टवर (मशीनच्या या नंबरच्या दारावर) माझ्याकडे कोणी ऐकत नाही. (क्वचित मधला फायरवॉल त्याच्या वतीने हे उत्तर देतो, पण एकाच राउटरवरच्या दोन मशीनमध्ये तसं सहसा होत नाही.) मशीनचं पॅनेल मॉडबसवर, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांच्या ठरलेल्या भाषेत बोलतं, त्याचा ठरलेला पोर्ट ५०२. मग प्रश्न उरला एकच, पॅनेल जागं असून ५०२ वर ऐकत नाही, का त्या पत्त्यावर भलतंच कोणी बसलंय? मी म्हटलं तो आयपी (नेटवर्कमधला पत्ता) ब्राउझरमध्ये टाकून बघ. टाकला, तर शाई किती उरली ते दाखवणारं पान उघडलं. ऑफिसातला प्रिंटर! लाइट आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले, प्रिंटर आधी चालू झाला आणि पॅनेलचा जुना पत्ता त्याला मिळाला. पिंगला उत्तर देत होता तो प्रिंटर. राउटरमध्ये जाऊन पॅनेलच्या मॅक ॲड्रेसला (त्याच्या नेटवर्क कार्डाच्या कायमच्या नंबरला) पत्ता रिझर्व्ह करून टाकला, दहा मिनिटांचं काम. ज्या पायथनसाठी दोन दिवस गेले त्याला काही झालेलंच नव्हतं.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच केस अशाच असतात, एरर न वाचता इन्स्टॉल-अनइन्स्टॉल सुरू होतं आणि मूळ बिघाड राहतो बाजूला, वर नवीन दोन बिघाड तयार होतात.

कनेक्शनचा एरर आला की मी चार गोष्टी याच क्रमाने बघतो. कोणाच्या घरी जायचं तर आधी पत्ता कळला पाहिजे, मग रस्ता चालू पाहिजे, मग दार उघडलं पाहिजे आणि मग बोलणं. नेटवर्कचं पण तसंच आहे आणि कोणत्या पायरीवर अडलं ते एररच सांगतो.

पत्ता म्हणजे डीएनएस, नावावरून आयपी शोधून देणारी व्यवस्था. एररमध्ये नेम रिझोल्यूशन किंवा गेट-ॲडर-इन्फो असे शब्द दिसले, विंडोजवर ११००१ हा नंबर दिसला, तर तुमची स्क्रिप्ट अजून सर्व्हरपर्यंत गेलेलीच नाही, नावावरून आयपीच मिळाला नाही. अशा वेळी पासवर्ड तपासत बसू नका, पोर्ट तपासत बसू नका. एनएसलुकअप या कमांडला ते नाव देऊन बघा. नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक, सेटिंगच्या फाइलमध्ये नावाच्या शेवटी राहिलेली एक स्पेस, जिथे नुसतं नाव द्यायचं तिथे एचटीटीपीएससकट चिकटवलेला अख्खा पत्ता, नाहीतर नेटच बंद, बहुतेक वेळा यातलंच एक निघतं.

रस्ता म्हणजे टाइमआउट. विंडोजवर १००६०, लिनक्सवर ११०. रिफ्यूज्ड सेकंद-दोन सेकंदात येतो पण टाइमआउटला वेळ लागतो, कारण इथे उत्तरच येत नाही, गोदावरीला पूर आल्यावर रामकुंडाकडे निघालेला माणूस पलीकडे पोचला का मधेच अडकला ते इकडे घरी कळत नाही तसं. आयपी चुकीचा असेल, समोरचं मशीन बंद असेल, किंवा मधे फायरवॉल गुपचूप पॅकेट टाकून देत असेल. क्लाउडवर नवीन सर्व्हर घेतला आणि त्याच्या फायरवॉलमध्ये पोर्ट उघडायचा राहिला तर हाच एरर येतो. एक साधी टेस्ट करा, तोच प्रोग्राम मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चालवा, तिथे चालला तर ऑफिसचं नेटवर्क अडवतंय हे पक्कं. विंडोजवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन आहे, त्याला पत्ता आणि पोर्ट दोन्ही द्या. नुसत्या पिंगवर विसंबू नका, पिंगला पोर्ट नसतो, बरेच सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत तरी व्यवस्थित चालतात आणि उलटं कसं होतं ते वरच्या प्रिंटरने दाखवलंच.

दार म्हणजे रिफ्यूज्ड, त्याबद्दल झालंच सांगून, फक्त एक भर घालतो. सर्व्हर तुम्हीच लिहिलाय, तुमच्या लॅपटॉपवर चालतो पण शेजारच्या टेबलावरून रिफ्यूज्ड येतो, तर तो १२७.०.०.१ वर ऐकतोय का बघा. हा पत्ता म्हणजे फक्त स्वतःशी बोलणं. बाहेरच्यांना घ्यायचं असेल तर ०.०.०.० वर ऐकायला लावा, पण मग पासवर्ड आणि फायरवॉल जागेवर पाहिजेत, डेटाबेस असा उघडा ठेवून घरी जाऊ नका. नेटस्टॅट ही कमांड चालवली की कोण कुठे ऐकतंय ते दिसतं.

आणि बोलणं, म्हणजे कनेक्शन झालंय पण पुढे फिसकटलं. इथे एचटीटीपीचे आकडे येतात. ४०० च्या घरातला आकडा म्हणजे तुमच्या मागणीत काहीतरी आहे, ४०१ ओळख पटली नाही, ४०३ परवानगी नाही, ४०४ पान नाही, ४२९ म्हणजे फार वेळा विचारताय, थांबा. ५०० च्या घरातला म्हणजे सहसा गडबड तिकडे आहे. एक घोळ मी बघितलाय म्हणून सांगतो, एचटीटीपीचा ५०२ आणि मॉडबसचा पोर्ट ५०२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सर्टिफिकेटचा (एचटीटीपीएसवर सर्व्हर आपली ओळख पटवायला दाखवतो त्याचा) एरर आला तर आधी कॉम्प्युटरची तारीख बघा, अगदी मनापासून सांगतो. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, लाइट जाऊन आली की घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं, मग प्रत्येक सर्टिफिकेट अजून सुरूच न झालेलं वाटतं. सेल बदला, तारीख लावा, संपलं. व्हेरिफाय फॉल्स करून, म्हणजे सर्टिफिकेट तपासणंच बंद करून पुढे जाऊ नका, त्याने एरर दिसायचा थांबतो पण तुम्ही कोणाशी बोलताय ते मग तुम्हालाच माहीत नसतं.

आता कनेक्शन सोडून खुद्द स्क्रिप्ट आडवी होते ते. पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर छापला जाणारा सगळा मजकूर, खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली काय झालं ते लिहिलेलं असतं, त्याच्या वर कुठे झालं ते, फाइल आणि ओळ नंबरासकट. वर चढत जा आणि तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबा, लायब्ररीच्या आत शिरू नका, चूक बहुतेक तुम्ही तिला काय दिलं त्यात असते. डबल क्लिक करून चालवता आणि काळी खिडकी झपकन बंद होते म्हणून एरर वाचता येत नाही, असं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथून चालवा.

मराठी डेटावाल्यांनी हा पुढचा भाग नक्की वाचा. कांद्याच्या भावाची एक स्क्रिप्ट माझ्याकडे आली होती, सीएसव्ही फाइल वाचायची आणि बाजार समितीप्रमाणे भाव मांडायचे. काही दिवस चालायची, काही दिवस मरायची. त्यांच्या मते नेटचा प्रॉब्लेम. एरर होता युनिकोड-डीकोड, त्यात चारमॅप हा शब्द आणि ८डी ही बाइट. फाइल यूटीएफ-८ मध्ये होती, पण एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सांगितलं नाही तर इंग्रजी विंडोजवर पायथन बहुतेक वेळा १२५२ या जुन्या कोडपेजने वाचायला जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं असतं, आणि आपल्या हलन्ताची (जोडाक्षरात अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाची) तिसरी बाइट नेमकी ८डी, जिला १२५२ मध्ये जागाच नाही. म्हणजे काय झालं, लासलगाव, निफाड, येवला या नावांत जोडाक्षर नाही, ती भलत्याच चिन्हांत का होईना पण वाचली जायची, आणि ज्या दिवशी फाइलमध्ये सिन्नर आलं त्या दिवशी स्क्रिप्ट खलास. कांदा पास, द्राक्ष नापास! नुसता हलन्तच नाही, पहिल्या उकाराची शेवटची बाइट ८१ आहे, तिची पण तीच गत. म्हणून फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहायचं, वाचताना पण आणि लिहिताना पण. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केली असेल तर यूटीएफ-८-सिग लिहा, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाआधी न दिसणारं एक चिन्ह चिकटतं आणि कॉलम सापडत नाही म्हणून की-एरर येतो. मायएसक्यूएलमध्ये मराठी जातं पण इमोजी आला की इन्सर्ट अडतो, असं असेल तर टेबल जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ-८ वर आहे, इमोजीला चार लागतात, यूटीएफ-८-एमबी-४ करून घ्या.

मायएसक्यूएलचाच अजून एक, रात्रभर चालू ठेवलेली स्क्रिप्ट सकाळी पहिल्याच क्वेरीला सर्व्हर हॅज गॉन अवे म्हणून पडते, नंबर २००६. सर्व्हर कुठे गेलेला नसतो. शांत पडून राहिलेलं कनेक्शन तो डिफॉल्ट २८८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी तोडतो. संध्याकाळी आठला शेवटचं काम, सकाळी सहाला पुढचं, तुटणारच. काम झालं की कनेक्शन बंद करा आणि गरजेला नवीन उघडा, तो सेकंदांचा आकडा वाढवत बसण्यापेक्षा हे बरं.

स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते आणि क्रॉनमधून (लिनक्सवर ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) नाही, हे पण कायमचं. क्रॉनला तुमचा पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी) माहीत नसतो, तुम्ही कोणत्या फोल्डरमध्ये उभे होता ते पण माहीत नसतं, म्हणून पायथनचा आणि फाइलचा पत्ता पूर्ण लिहायचा. आणि क्लाउडचा सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, तिथे सहा लिहिलं तर आपल्याकडे साडेअकराला चालणार, सकाळी सहा पाहिजेत तर ०:३० लिहा.

ट्रेसबॅकच नाही, नुसतं किल्ड लिहून आलं किंवा एक्झिट कोड १३७ आला, तर मेमरी संपून लिनक्सने मारल्याची शक्यता जास्त, डीमेसेज या कमांडमध्ये त्याची नोंद सापडते. मोठी फाइल एका दमात न वाचता तुकड्यांनी वाचा. १३९ असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट, आतली सी भाषेतली एखादी लायब्ररी पडलीये, पायथनच्या आणि तिच्या व्हर्जनचं जमतंय का ते बघा.

आता ज्याचा मला खरंच त्रास होतो ते. ट्राय लिहायचं, एक्सेप्ट लिहायचं आणि त्यात पास, म्हणजे एरर आला तरी काहीच न करता पुढे जायचं. कृपा करून हे करू नका. शेतकरी समोर बसून भाव बघतोय, स्क्रीनवर कालचाच भाव आहे आणि आत एरर गिळून टाकलाय, तो त्या भावावर ट्रॅक्टर भरून निघेल ना. एरर पकडा, पण लॉगमध्ये तारीख-वेळेसकट पूर्ण ट्रेसबॅक लिहा आणि स्क्रीनवर माहिती कधीची आहे ते दाखवा.

पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट आपण द्यावा लागतो, दिला नाही तर समोरून उत्तर येईपर्यंत ती बसूनच राहते, स्क्रिप्ट पडलेली पण नसते आणि चालत पण नसते. १० सेकंद द्या. परत प्रयत्न करायचा तर लगेच आणि सतत नको, १ सेकंद, मग २, मग ४, मग ८ असं थांबत जा, पाच वेळा झाल्यावर सोडा आणि लॉग करा. ४२९ सोबत किती थांबायचं ते सांगितलेलं असेल तर तेवढं थांबा. आणि ४०१-४०३ ला परत प्रयत्न नकोच, चुकीचा पासवर्ड पाचव्यांदा बरोबर होत नाही, उलट अकाउंट लॉक होतं.

मदत मागताना काय पाठवायचं तर एररची शेवटची ओळ जशीच्या तशी, काल चालत होतं का, कालपासून काय बदललं, आणि दुसऱ्या मशीनवरून काय होतं, पासवर्ड आणि टोकन खोडून. अंबडच्या त्या पोराचा परवा मेसेज आला, "दादा १००६० येतोय, पिंगला उत्तर नाही, एआरपीत पॅनेलचा मॅक पण दिसत नाही." (एआरपी म्हणजे कोणत्या आयपीवर कोणता मॅक आहे त्याची यादी.) मी टाइप करेपर्यंत त्याचाच पुढचा मेसेज, "सापडलं, पॅनेलमधल्या स्विचचा ॲडॅप्टर निघालेला होता."